ओह्रिद: आधी तळं, मग बाकी सगळं

उत्तर मॅसिडोनियातलं तळ्याकाठचं गाव ओह्रिद हल्ली आपल्याकडच्या बाल्कन टूरमध्ये दिसायला लागलंय. तेही स्कोप्ये आणि तिरानाच्या मध्ये, जेवणापुरता थांबा म्हणून. कानेओच्या कड्यावरचं सेंट जॉनचं चर्च, खाली निळंशार पाणी, फोटो काढला की चला बसमध्ये. मला हे अजिबात पटत नाही. जमत असेल तर तिथे निवांत राहा, आणि पहिला वेळ तळ्याला द्या.

हे तळं दहा लाख वर्षांहून जुनं आहे. खोली जवळपास 290 मीटर. इथले दोनशेहून जास्त जीव जगात दुसरीकडे कुठेच सापडत नाहीत. युनेस्कोने 1979 मध्ये आधी तळ्याला जागतिक वारशात घेतलं, गावाचा नंबर 1980 मध्ये लागला. हा क्रम मला फार योग्य वाटतो.

दक्षिण टोकाला सेंट नाउमचा मठ आहे. तिथे वल्ह्याच्या होडीतून झऱ्यांवर नेतात. ही फेरी चुकवू नका. पाणी इतकं नितळ की तळाची वाळू ठिकठिकाणी उकळी फुटल्यासारखी हलताना दिसते. यातलं बरंच पाणी येतं डोंगरापलीकडच्या प्रेस्पा तळ्यातून. प्रेस्पा ओह्रिदपेक्षा सुमारे दीडशे मीटर उंचावर आहे, आणि मधल्या गालिचित्सा डोंगराच्या चुनखडकातून त्याचं पाणी झिरपत इथे वर येतं. म्हणजे पलीकडे सफरचंदाच्या बागांत टाकलेल्या खताचा काही अंश इकडेही पोचणार. प्रेस्पाची पातळी गेली काही दशकं खाली चाललीय, ही काळजी वेगळीच.

नवव्या शतकाच्या अखेरीस क्लिमेंट आणि नाउम हे दोन संत या काठावर स्लाव्ह लोकांना त्यांच्याच भाषेत धर्म शिकवत होते. लोकभाषेसाठी संतांनी काय सोसलं हे ठाऊक असलेल्या मराठी माणसाला क्लिमेंटचा मठ जिथे होता त्या प्लाओश्निकच्या टेकडीवर उभं राहून भरून येतं. मला तरी आलं. सेंट सोफिया चर्चमधली अकराव्या शतकातली भित्तिचित्रंही सावकाश बघा.

बाजारात ‘ओह्रिदचे मोती’ मिळतात. शिंपल्याच्या मण्यांवर प्लाशित्सा या छोट्या माशाच्या खवल्यांपासून केलेला लेप थरावर थर चढवतात. मासा या तळ्यातला. तळं बिघडलं तर ही कलाही गेली.

आता किनाऱ्यांबद्दल. त्र्पेइत्सा आणि ग्रादिश्ते दोन्ही सुंदर. पण वाळूची चौपाटी डोळ्यांसमोर आणू नका, पायाखाली गोटे असतात, रबरी चपला न्या. माझा राग आहे तो काठाला लागून वाढलेल्या बांधकामांवर आणि पाण्यात पुढे काढलेल्या बारच्या फलाटांवर. युनेस्को कित्येक वर्षं बजावतंय, तरी काठावरची लव्हाळी कमी होत गेली. या लव्हाळ्यात माशांची पिल्लं वाढतात, इथेच पाणी गाळलं जातं. ती उपटून आरामखुर्च्या मांडणं हा विकास नव्हे, आणि त्या खुर्चीचं भाडं भरणारे आपण पर्यटकच असतो.

म्हणून शक्यतो जुलै-ऑगस्टची गर्दी टाळून मे-जूनमध्ये किंवा सप्टेंबरमध्ये जा. पोहायला गावकरी जातात त्या साध्या किनाऱ्यावर उतरा. जेवायला बसलात आणि मेन्यूत तळ्यातला ओह्रिद ट्राउट दिसला, तरी मागवू नका. बेसुमार मासेमारीने तो आधीच खूप कमी झालाय.