थिमेटचा चुलतभाऊ

जोहान्सबर्गच्या टॅक्सी रँकवर, म्हणजे आपल्या वडापच्या स्टँडवर म्हणा, मोजे, कंगवे आणि मोबाइलची कव्हरं विकणाऱ्यांकडे प्लास्टिकच्या इवल्याशा पुड्या मिळतात. आत काळपट दाणे. लेबल नाही, कंपनीचं नाव नाही. गिऱ्हाईक 'टू स्टेप' मागतं, कारण उंदराने खाल्लं की तो दोन पावलांत आडवा. दुसरं नाव 'हालेफिरिमी', म्हणजे खाणारा सूर्यास्त बघत नाही. अकरा वर्षं मी या शहरात आहे आणि बराच काळ या पुड्यांकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सोवेटोतल्या नालेडी भागात सहा लहान मुलं दगावली. जवळच्या स्पाझातून आणलेला खाऊ खाल्ला, अशी बातमी होती. स्पाझा म्हणजे टाऊनशिपमधलं घरगुती किराणा दुकान. (इथली टाऊनशिप आपल्या बिल्डरांच्या जाहिरातीतली नव्हे. काळ्या लोकांना गोऱ्या शहरापासून लांब ठेवायला वर्णद्वेषी राजवटीने वसवलेली वस्ती.) महिनाअखेरीस आरोग्यमंत्री आरोन मोट्सोआलेडी यांनी विषाचं नाव सांगितलं: टर्बुफॉस. नोव्हेंबरात अध्यक्ष रामाफोसा टीव्हीवर बोलले, तोवर सप्टेंबरपासून गेलेल्या मुलांची संख्या २२ वर पोचली होती.

टर्बुफॉस हे नाव मी पहिल्यांदाच ऐकत होतो. शोधलं, तर निघाला आपल्या थिमेटचा सख्खा चुलतभाऊ. थिमेट म्हणजे फोरेट. दोन्ही ऑरगॅनोफॉस्फेट या जहाल गटातली कीटकनाशकं, दोन्ही दाणेदार, दोन्ही जमिनीत टाकायची. वारणाकाठी उसाला हुमणी लागली की आप्पा थिमेट आणायचे आणि वास दोन दिवस सोप्यात राहायचा. फेकायचे मात्र उघड्या हातांनी. आई त्यांना विहिरीवर आंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडू द्यायची नाही. आमच्या घरचा सगळा सुरक्षा विभाग म्हणजे तेवढी आई.

हे विष मज्जातंतूंच्या निरोपानिरोपीत शिरतं. स्नायूला दिलेला निरोप काम झाल्यावर पुसून टाकणारं एक विकर (एन्झाइम) शरीरात असतं, तेच हे विष बंद पाडतं. निरोप वाजतच राहतो. तोंडाला फेस येतो, घाम फुटतो, डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, छातीत पाणी भरतं. वेळेत ॲट्रोपिन मिळालं तर माणूस वाचू शकतो. पण पंधरा किलोच्या पोराला विष लागतं किती आणि वेळ असतो किती?

इथे राग निघाला तो दुकानदारांवर. बरेच स्पाझा सोमाली, इथिओपियन, पाकिस्तानी, बांगलादेशी लोक चालवतात. जमावाने दुकानं फोडली, माल लुटला, कित्येकांना शटर ओढून पळावं लागलं. सरकारने फर्मान काढलं की सगळ्या स्पाझांनी २१ दिवसांत नोंदणी करावी. त्या आठवड्यात ऑफिसच्या लिफ्टमध्ये एकाने मला सहज विचारलं, "तुमच्या लोकांचं एखादं दुकान आहे का तिकडे?" त्याला भारत आणि बांगलादेश यांतला फरक समजावून सांगायला मी तोंड उघडलं आणि माझीच मला लाज वाटली. फरक सांगून मी नक्की कोणाला वाचवणार होतो?

दुकानदार निर्दोष होते असं मी म्हणत नाही. चिप्सच्या शेजारी विष ठेवणाऱ्याला कसली माफी. पण उंदीर का आहेत, तर कचरा उचलला जात नाही म्हणून. हे खुद्द रामाफोसांनी त्याच भाषणात मान्य केलं. आणि शेतीसाठी परवाना असलेलं टर्बुफॉस सुटं होऊन टॅक्सी रँकवर येतं कुठून? आधी या पुड्यांत आल्डिकार्ब हे दुसरं कीटकनाशक असायचं. त्यावर बंदी आली, पुडीत टर्बुफॉस आलं. केपटाऊन विद्यापीठाच्या प्राध्यापक आंद्रेआ रॉदर रस्त्यावरच्या या विषांबद्दल वर्षानुवर्षं कंठशोष करत होत्या. मंत्रिमंडळाने टर्बुफॉसवर बंदीचा निर्णय घेतला तो जून २०२५ मध्ये. युरोपने त्याला केव्हाच दार दाखवलं होतं.

आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेव्हा दोन प्रकारचे निरोप आले. एक, "भाऊ, जपून राहा, तो देशच तसला." दुसरा, परप्रांतीय भेळवाल्यांकडे काही खाऊ नका असा कुठला तरी व्हिडिओ. दोन्ही एकाच काकांकडून, दहा मिनिटांच्या अंतराने. काकांना काही बोललो नाही. पण २०१७ साली यवतमाळात कापसावर फवारणी करताना माणसं मेली, तेव्हा मास्क, हातमोजे न घालणारे शेतकरीच बेपर्वा, असं याच ग्रुपवर ठरलं होतं, ते मला आठवत होतं. विदर्भाच्या उन्हात रबरी हातमोजे घालून कापसात तासभर उभं राहून कोणी दाखवावं.

बिहारच्या गंडामन गावात जुलै २०१३ मध्ये शाळेच्या जेवणातून २३ मुलं गेली. तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक होतं. मुख्याध्यापिकेला शिक्षा झाली, २०१६ मध्येच. मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के द्रावणाला मात्र बंदीचा आदेश बघायला २०२३ पर्यंत सवड मिळाली. बाईचा निकाल लागायला तीन वर्षं, बाटलीचा लागायला दहा.

फोरेटवर आपल्याकडे ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. परवा दादाला फोन केला तेव्हा विषय काढला.

"माळ्यावर आप्पांच्या वेळचा अर्धा डबा आहे की," तो म्हणाला. "तुझ्या वहिनीला हात लावू देत नाही मी."

"टाकून दे ना मग."

"कुठं टाकू?"

ओढ्यात नको, शेतात नको, विहिरीजवळ पुरायचा नाही. घंटागाडीत टाकला तर ती पुढे कुठे रिकामी होते ते दोघांनाही ठाऊक. जिथून आणला ते दुकानही आता उठलंय. दादाची नात दोन वर्षांची आहे, हल्ली जिने चढायला लागली आहे. तूर्त त्याने माळ्याची शिडी काढून गोठ्यात ठेवली आहे.