आयर्विनचं पाणी आणि १९६९ चा 'इत्तेफाक'

गेल्या रविवारी पावसानं घरात डांबलं. सांगलीत असा पाऊस लागला की दर तासाला कुणीतरी विचारतंच, "आयर्विनला किती झालं?" म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट चढलं. त्यात भाचा आलेला. वेबसिरीज दीडपट वेगानं बघणारं कार्टं! म्हटलं, बस, 'इत्तेफाक' बघू. जुना, यश चोप्रांचा.

"गाणी पुढं ढकलायची हां मामा."

"गाणी नाहीतच."

गप्प बसला.

सुरुवातीला राजेश खन्ना जरा जास्तच डोळे फिरवतो, ते सोडून द्या. बायकोच्या खुनाचा आरोप असलेला चित्रकार वेड्यांच्या इस्पितळातून पळतो आणि पावसाळी रात्री एका घरात घुसतो. घरात नंदा एकटी, नवरा कलकत्त्याला. झालं, एवढ्यावरच सगळा खेळ. मूळ गुजराती नाटक, त्यामुळे गोष्ट घराबाहेर फारशी पडतच नाही. आपण विष्णुदास भाव्यांच्या गावचे, १८४३ पासून नाटकं बघतोय. एका सेटवर माणसं कोंडली की काय मजा येते ते आपल्याला नव्यानं सांगायला नको.

मग तो बाथरूमचा प्रसंग. खन्ना दार उघडतो, टबात प्रेत. नंदाला ओढून आणतो, तर टब रिकामा! आता पंचाईत अशी की प्रेत आपणही पाहिलेलं असतं. त्याला वेडा म्हणावं तर आपणही वेडे. एवढ्या साध्या युक्तीनं चोप्रांनी आपल्याला त्या पळून आलेल्या माणसाच्या शेजारी नेऊन बसवलंय. सलील चौधरींचं पार्श्वसंगीतही उगाच कानाशी ढोल बडवत नाही.

हल्लीच्या थ्रिलरमध्ये पहिल्या दहा मिनिटांत चार मुडदे पडतात आणि मला जांभई येते. का, ते पुराच्या गावच्या माणसाला लगेच कळेल. आयर्विनला इशारा पातळी ४० फूट, धोका ४५. पंचेचाळीस ओलांडलं की सामान माळ्यावर टाकायचं, म्हाताऱ्यांना हलवायचं. घाबरायला सवड कुठं असते? झोप उडते ती एक्केचाळीस ते चव्वेचाळीसच्या मध्ये. 'इत्तेफाक' जवळजवळ अख्खा तिथंच घुटमळतो.

आणि नंदा! मास्टर विनायकांची मुलगी, 'छोटी बहन'मधली. माझ्या आईच्या पिढीला ती कायमची धाकटी बहीणच. त्या घरात नेमकं तिलाच बसवलंय, तिथंच निम्मी बाजी मारलीय. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी याहून एक अक्षर जास्त बोलणार नाही.

टबाच्या प्रसंगापासून भाच्याच्या हातातलं भडंग हातातच राहिलं होतं. मोबाइल दोनदा वाजला, उचलला नाही. पिक्चर संपल्यावर मोठ्या ऐटीत म्हणाला, "मला आधीच कळलं होतं."

रात्री अकराला आईला उठवत होता. "आज्जी, बाथरूमला जायचंय. दारात उभी राहा की जरा."