तहकुबी कुणाच्या खात्यावर?

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ रोजी झाला. आरोपींवर दोषारोप निश्चित व्हायला सप्टेंबर २०२१ उजाडला आणि निकाल लागला १० मे २०२४ रोजी. एल्गार परिषद प्रकरणातले आरोपी फादर स्टॅन स्वामी खटला उभा राहण्याआधीच, ५ जुलै २०२१ला, ८४ व्या वर्षी न्यायालयीन कोठडीत असताना गेले. पहिल्या प्रकरणात तिष्ठत राहिलं ते न्याय मागणारं कुटुंब, दुसऱ्यात आरोपी. आपल्याकडच्या वादात मात्र प्रत्येकाला आपल्या बाजूचाच उशीर दिसतो. कॅनडातून हे वाद वाचताना मला सगळ्यात जास्त बोचतं ते हेच.

इथे कुठल्याही मोठ्या खटल्याच्या बातमीत 'किती महिने झाले' हे हमखास येतं. त्याचं मूळ कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या जॉर्डन (हे आरोपीचं नाव) निकालात आहे. अमली पदार्थांच्या त्या खटल्याला चार वर्षांहून जास्त काळ लागला होता. सर्वोच्च न्यायालयाने थेट आकडे घालून दिले: प्रांतिक न्यायालयात साधारण १८ महिने, वरिष्ठ न्यायालयात ३०. त्यापुढे गेलं की उशीर अवाजवी धरला जातो, आणि परिस्थिती अपवादात्मक होती हे सरकार पक्षाला दाखवता आलं नाही, तर खटला कायमचा थांबतो.

याची किंमत मोठी आहे. खुनाचे आणि लैंगिक अत्याचाराचे खटलेही असे थांबले. दोषी की निर्दोष, हे न ठरताच. पीडितांना काय वाटलं असेल! नऊपैकी चार न्यायमूर्तींना ही आकड्यांची चौकट तेव्हाच मान्य नव्हती.

भारतात १९७९च्या हुसैनारा खातून प्रकरणापासून जलद खटला हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधला हक्क मानला जातो. पण कालमर्यादा उलटली म्हणून खटला आपोआप बंद करायला २००२ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने नकार दिला. मला तो नकार पटतो. जिथे न्यायाधीशांच्या जागा रिकाम्या राहतात, साक्षीदार फिरवले जातात, तिथे अशा मुदतीचा पहिला फायदा ज्याला तारखा लांबवणं परवडतं तोच उचलेल.

मग इथून घ्यायचं काय? हिशेब. जॉर्डनमध्ये बचाव पक्षाने लावलेला उशीर एकूण काळातून वजा होतो. न्यायालय आणि सरकारी वकील तयार असताना आरोपीचा वकील तयार नसेल, तर तो काळ आरोपीच्या खात्यावर पडतो. म्हणून इथे वकील तहकुबी मागताना विचार करतात. आपल्याकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३४६ सुनावणी रोजच्या रोज चालवा असं सांगतं, तहकुबी दोनांवर नको म्हणतं, वकील दुसऱ्या कोर्टात अडकलेत ही सबब चालणार नाही असंही म्हणतं. रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, कारणं लिहिलीही जातात: आरोपीला तुरुंगातून आणलं नाही, साक्षीदार गैरहजर, वकिलांचा अर्ज. पण त्यांची बेरीज कोण करतं?

ती झालीच पाहिजे, कारण आपल्या तुरुंगांतले सुमारे तीन चतुर्थांश लोक कच्चे कैदी आहेत. कमाल शिक्षेचा अर्धा काळ, आणि पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश काळ आत काढल्यावर जामिनावर सोडण्याची तरतूद याच संहितेच्या कलम ४७९ मध्ये आहे. मात्र फाशी किंवा जन्मठेपेची शिक्षा होऊ शकणारे गुन्हे त्यातून वगळलेत, आणि वर्षानुवर्षं रखडणारे खटले बहुधा तेच असतात.

माझी मागणी एवढीच आहे. दर सहा महिन्यांनी न्यायालयाने रोजनाम्यावरून सरकार, आरोपी आणि खुद्द न्यायालय यांच्यामुळे गेलेले दिवस वेगवेगळे मोजावेत. सरकारमुळे आणि न्यायालयामुळे गेलेले दिवस, गुन्हा कितीही गंभीर असला तरी, जामिनाच्या वेळी कैद्याच्या बाजूने धरावेत. आरोपीने स्वतः खाल्लेले दिवस त्यात धरू नयेत. खटला मात्र कुठल्याही कारणाने बंद पडू नये. आणि या हिशेबाची प्रत फिर्यादीच्या घरीही जावी, म्हणजे पुढची तारीख कुणी मागितली हे त्यांना कोर्टाच्या व्हरांड्यात विचारत फिरावं लागणार नाही.