साठच्या दशकातले बँड सगळं "एका टेकमध्ये" करायचे? नाही हो!

"साठच्या दशकात ना ऑटोट्यून होतं ना एडिटिंग, बँड एका खोलीत उभा राहायचा, एका टेकमध्ये गाणं ओके, चारच ट्रॅक मग काय कलाकारी करणार, इंजिनिअर फक्त बटण दाबायचा" हा मेसेज मला आत्तापर्यंत तीन जणांनी पाठवलाय. जुन्या गाण्यांवरचं प्रेम कळतं, माझंही आहे, पण यातलं ऑटोट्यून (चुकलेला सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर) नव्हतं एवढंच खरं.

एका टेकचं, म्हणजे एकदाच वाजवून-गाऊन झालेल्या रेकॉर्डिंगचं, आधी बघू. ही समजूत बहुतेक बीटल्स या ब्रिटिश बँडच्या पहिल्या अल्बमवरून आली असावी, ११ फेब्रुवारी १९६३ ला एका दिवसात त्यांनी १० गाणी केली, आणि शेवटचं 'ट्विस्ट अँड शाउट' त्यांचा गायक जॉन लेननचा घसा बसलेला असताना पहिल्याच टेकमध्ये झालं ते खरंच आहे. पण त्याच अल्बमच्या बाकी बऱ्याच गाण्यांना एकापेक्षा जास्त टेक लागले, आणि 'मिझरी'मधला पियानो तर त्यांचा निर्माता जॉर्ज मार्टिनने नंतर वेगळा वाजवून वर चढवलाय.

एडिटिंग नव्हतं म्हणे! बीटल्सचंच 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर' ऐका, साधारण एका मिनिटानंतर गाणं बदलल्यासारखं वाटतं, कारण ते दोन वेगळे टेक आहेत, सूरही वेगळा आणि लयही वेगळी. लेननला एकाची सुरुवात आवडली होती, दुसऱ्याचा शेवट, मग मार्टिन आणि साउंड इंजिनिअर जेफ एमेरिकने एका टेपचा स्पीड वाढवून दुसरीचा कमी करून दोन्ही जुळवल्या आणि टेप कापून जोडली. कॉम्प्युटर नाही, हातात टेप आणि कान.

"चारच ट्रॅक, मग काय कलाकारी करणार" हे तर उलटंच आहे. ट्रॅक म्हणजे टेपवरची एकेक स्वतंत्र पट्टी, प्रत्येकीवर वेगळं वाद्य किंवा आवाज. चार ट्रॅक भरले की ते मिक्स करून दुसऱ्या मशीनच्या एका ट्रॅकवर उतरवायचे, की तिथे तीन मोकळे, पण एकदा उतरवलं की ड्रम जरा कमी करू वगैरे विसरा, शिवाय दरवेळी टेपची खरखर वाढणार. म्हणजे पुढे काय काय येणार त्याचा अंदाज बांधून बॅलन्स आधीच ठरवायचा. बीटल्सचा 'सार्जंट पेपर' अल्बम असा चार ट्रॅकवर झालाय.

आणि बटण दाबणारा इंजिनिअर? लेननला तेच गाणं पुन्हा गाऊन आवाज डबल करायचा कंटाळा यायचा म्हणून १९६६ मध्ये स्टुडिओचा इंजिनिअर केन टाउनसेंडने दुसऱ्या टेप मशीनवरून तोच आवाज किंचित उशिरा आणून मूळ आवाजात मिसळायची युक्ती काढली. त्याच वर्षी २० वर्षांच्या एमेरिकने 'टुमॉरो नेव्हर नोज'साठी लेननचा आवाज हॅमंड ऑर्गनच्या फिरत्या लेस्ली स्पीकरमधून काढला. ही माणसं नसती तर ते आवाज कानावर आलेच नसते, मला या मेसेजचा राग येतो तो यामुळेच.

राहता राहिलं "सगळा बँड एका खोलीत". बर्ड्स या अमेरिकन बँडच्या 'मिस्टर टँबरिन मॅन'वर बँडपैकी वाद्य वाजवलं ते फक्त रॉजर मॅग्विनने, ड्रम, बेस सगळं लॉस एंजेलिसचे स्टुडिओ वादक. आणि आपल्या जवळचं उदाहरण हवं तर बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनचं 'द इनर लाइट', त्याचं संगीत जानेवारी १९६८ मध्ये मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत आपल्या वादकांनी वाजवलंय आणि आवाज पुढच्या महिन्यात लंडनला चढवला. बाकीचे बीटल्स मुंबईत नव्हतेच.