सोयाबीन पिवळं पडलंय, काय मारू?

जुलै-ऑगस्ट आला की शेतीच्या ग्रुपवर हाच प्रश्न. सोबत एक अंधुक फोटो आणि खाली वीस जणांची वीस औषधं! अरे, आधी विचारा तरी, पिवळी कोणती पानं? वरची कोवळी की खालची जुनी?

कोवळ्या पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर लोह कमी पडतंय. चुनखडीच्या रानात पाणी साचलं की हे होतंच. मग आधी चर काढून पाणी बाहेर काढा, वाफसा येऊ द्या, म्हणजे माती ओलसर पण मोकळी, हवा खेळती होऊ द्या, तरीही पिवळेपणा हटला नाही तर 0.5 टक्के फेरस सल्फेट फवारा. म्हणजे 10 लिटरला 50 ग्रॅम, मूठभर नव्हे! खालची पानं पिवळी असतील तर नत्राकडे (नायट्रोजनकडे) बघा, झाड उपटून मुळावरची गाठ कापा. आतून लालसर निघाली तर गाठी काम करताहेत, म्हणजे हवेतला नत्र झाडाला देताहेत. आणि पानावर पिवळे-हिरवे चट्टे असतील तर तो पिवळा मोझॅक, विषाणूचा रोग. पांढरी माशी पसरवते. त्यावर टॉनिक मारायला सांगता? कशाच्या जोरावर? ती झाडं उपटून नष्ट करायची असतात!

एखादा भला माणूस विचारतो, "दादा, तणनाशक कधी मारलं होतं?" तर सगळे त्याच्यावरच तुटून पडतात. तणनाशकाच्या झटक्यानंही पानं पिवळी पडतात हो! त्याला उत्तर द्या. आणि फोटो तीन टाका: पानाचा जवळून, अख्ख्या झाडाचा, रानाचा.