कॅलेंडरमधली रिकामी चौकट आणि वावरातला माणूस

यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव तालुक्यात एका शेतकरी उत्पादक कंपनीची मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून मी काम करते, आणि या कामात माझा सर्वांत जास्त वेळ हिशेबात किंवा खरेदीत जात नाही, तर बैठकीची वेळ जुळवण्यात जातो. बैठक ठरवताना कोण केव्हा मोकळा आहे हे दाखवणारे सॉफ्टवेअर म्हणजे पुण्या-मुंबईच्या कार्यालयांची सोय, खेड्यात त्याचे काय काम, असे मला अनेकांनी ऐकवले आहे. मला हे मुळीच पटत नाही. उलट ज्याची एक फुकट चकर म्हणजे एक बुडालेला रोज, त्यालाच या सोयीची खरी गरज आहे, असे माझे ठाम मत आहे.

हे सॉफ्टवेअर करते काय, ते आधी सांगते. ते तुमच्या कॅलेंडरमधील प्रत्येक नोंद वाचून दुसऱ्याला दाखवत नाही; कोणत्या वेळेपासून कोणत्या वेळेपर्यंत तुम्ही व्यस्त आहात एवढेच सांगते आणि सगळ्यांच्या व्यस्त वेळा वगळून उरलेली सामाईक जागा समोर ठेवते. वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॅलेंडरांना एकमेकांच्या नोंदी समजाव्यात म्हणून १९९८ साली आयकॅलेंडर नावाचे मानक ठरले, २००९ मध्ये ते सुधारले गेले, आणि त्यात या मोकळ्या-व्यस्त वेळेसाठी स्वतंत्र भागच ठेवलेला आहे. त्यात ‘व्यस्त’च्या जोडीला ‘कदाचित व्यस्त’ असाही एक प्रकार आहे, आणि शेतकऱ्याच्या दिवसाला तो फार चपखल बसतो. मात्र या सगळ्या व्यवस्थेचा पाया एकच आहे : जे लिहिले तेवढेच तिला दिसते. जिथे काही लिहिलेले नाही ती चौकट रिकामी, आणि रिकामी चौकट म्हणजे मोकळा माणूस असे ती धरून चालते.

मागच्या कापसाच्या हंगामात हीच गोष्ट आम्हाला महागात पडली. कर्जाच्या प्रस्तावासाठी संचालक मंडळाचा ठराव हवा होता. आमचे सल्लागार पुण्यात बसतात. त्यांनी स्वतःचे, बँकेच्या अधिकाऱ्यांचे आणि माझे कॅलेंडर पडताळून गुरुवारी दुपारी बाराची वेळ काढली, आणि मी त्याप्रमाणे सूचना पाठवली. मी पदसिद्ध संचालक, आणि माझ्याशिवाय आमचे संचालक १०. उत्पादक कंपनीच्या कायद्यानुसार गणपूर्तीसाठी एकतृतीयांश संचालक, आणि कमीत कमी ३, हजर असावे लागतात. म्हणजे आम्हाला ४ हवे होते. त्या दिवशी मला धरून जमलो ३. त्या आठवड्यात आमच्या फिडरला, म्हणजे शेतीपंपांच्या वीजवाहिनीला, दिवसाची पाळी लागली होती, आणि ज्यांनी आधीचा आठवडाभर रात्री बॅटरी घेऊन हरभऱ्याचे ओलीत केले, ते दिवसाची लाईन सोडून येणार कसे? एका संचालकांना मी फोन लावला तेव्हा ते मोटारीजवळच उभे होते. ते म्हणाले, “ताई, दुपारची मीटिंग कायले ठेवली? आता लाईन आली, पाणी सोडून कसा येऊ मी?” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, पण ते माझ्या मनाला लागले, कारण त्यांची वेळ मी विचारलीच नव्हती. सूचना ७ दिवस आधी द्यावी लागते, त्यामुळे पुन्हा सूचना काढून पुन्हा बैठक घेईपर्यंत प्रस्ताव तसाच पडून राहिला.

दोष सॉफ्टवेअरचा नव्हता. बँकेच्या साहेबांचा अर्धा तास त्यात नोंदवलेला होता आणि आमच्या दहा माणसांचा अख्खा दिवस कुठेच नोंदवलेला नव्हता.

त्यानंतर मी माझ्या खात्यात संचालक मंडळाच्या नावाने एक वेगळे कॅलेंडर तयार केले. दर रविवारी सायंकाळी, जेवणाच्या आधी, मी दहाही जणांना फोन करते. या आठवड्यात लाईन दिवसाची की रात्रीची, वेचणीला मजूर कोणत्या दिवशी येणार, फवारणी आहे का, कोणाकडे लग्न किंवा तेरवी आहे का, एवढे विचारते आणि त्याच वेळी नोंद करते. आठवडी बाजाराचा दिवस कायमचा व्यस्त म्हणून लावून टाकला आहे. पोळा आणि तान्हा पोळा हे दोन दिवसही बंद केले, कारण सल्लागारांच्या सुट्ट्यांच्या यादीत ते नव्हते आणि त्या दिवशी आमच्याकडे कोणीही बैठकीला बसत नाही. सल्लागारांना हे कॅलेंडर फक्त मोकळे-व्यस्त एवढेच दिसेल अशा परवानगीने दिले आहे. या कामाला माझा पाऊण तास जातो. आमच्या बैठका आता बहुतेक सायंकाळी सातनंतर होतात, आणि त्यानंतर एकही बैठक गणपूर्तीअभावी परत गेलेली नाही.

एका ज्येष्ठ संचालकांनी मात्र मला सरळ विचारले, “आमची हजेरी ठेवता काय ताई?” हा प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही. मी त्यांना मोबाईलवर त्यांचाच आठवडा दाखवला. वावरात आहेत, दवाखान्यात आहेत की सोयऱ्यांकडे गेले आहेत, याचा त्यात कुठेही उल्लेख नाही. फक्त रंगवलेली चौकट आहे. कारण लिहायचेच नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे, कारण माणसाची वेळ विचारण्याचा अधिकार मला असला तरी त्या वेळेचा हिशेब मागण्याचा अधिकार मला नाही.

पण आम्ही आमची वेळ उघडी केली, तशी सरकारी कार्यालयांनी त्यांची का करू नये? आमच्या एक सभासद ताई एका दाखल्यासाठी तीनदा तालुक्याला जाऊन आल्या. तिन्ही वेळा उत्तर एकच : साहेब मीटिंगमध्ये आहेत. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. त्या दिवशी वेचला नाही तर हाती काहीच येत नाही, आणि ऑटोचे जाणे-येणे वेगळे. साहेब मीटिंगमध्ये असणारच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. ते केव्हा मीटिंगमध्ये आहेत आणि केव्हा खुर्चीवर आहेत, हे गावातून निघण्यापूर्वी कळले पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे. त्या कार्यालयात संगणक आहे, इंटरनेट आहे, आणि भेटीच्या वेळा आखून देण्याची सोय आजच्या साध्या कॅलेंडरमध्येही असते. वरून अचानक बैठक लागली तर काय, असे मला तिथे सांगण्यात आले. ती बैठक लागताच नोंद करावी, म्हणजे ती वेळ आपोआप बंद होईल. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांना कारकुनाने समोर बघून सांगावे.

तसा लेखी अर्ज मी त्या कार्यालयात दिला असून त्याची पोच माझ्याकडे आहे. त्या ताई येत्या सोमवारी चौथ्यांदा जाणार आहेत. त्यांची ऑटो सकाळी नऊला निघते, त्यामुळे शुक्रवारीच मी कार्यालयात फोन लावणार आहे, आणि पलीकडच्या माणसाने सोमवारचा दिवस बघून ‘या’ किंवा ‘येऊ नका’ एवढे सांगावे, ही माझी मागणी आहे.