जबाबदार : जवाई

सगळ्यात आधी एक गोष्ट क्लिअर करतो. माझ्या मॉडेल रेल्वेचं इंजिन रुळावरून घसरलं नव्हतं. गावात जे फिरून राह्यलं ना की "याची गाडी महालक्ष्मीच्या अंगावर गेली", ते निव्वळ खोटं आहे. बाराची बारा चाकं रुळावर होती, फक्त नाक बाहेर गेलं, आणि त्या नाकानं ज्येष्ठेचं लेकरू, म्हणजे पुढं बसवतो ना आपण ते लहान मुखवट्याचं, ते उचलून थेट आंबिलीच्या गंजात टाकलं. बस. एवढंच झालं.

गेली काही वर्षं आमच्याकडे महालक्ष्म्यांभोवती गाडी फिरते हे आता पाहुण्यांना पाठ आहे. दोन आसांचं लहानसं वाफेचं इंजिन, मागे तीन डबे, कोठ्यांच्या मागून जाते, फुलोऱ्याखालून येते, पोट्टे खूश. यावर्षी माझ्या डोक्यात शिरलं की मोठं डिझेल चालवायचं. साळ्यानं पुण्याहून कोण्या शौकिनाकडून सेकंडहँड आणून दिलं. किंमत सांगत नाही, फक्त एवढं सांगतो की चौदा क्विंटल सोयाबीन गेलं आणि घरी मी तीन सांगितलं आहे.

पण काय इंजिन होतं बाप्पा! ६६ सेंटिमीटर लांब, म्हणजे जवळपास सव्वादोन फूट. वायपर वेगळे लावलेले, पुढच्या पायऱ्यांच्या बाजूचे दांडे सुईहून बारीक, ब्रेकचे लोंबणारे काळे पाइप, आणि खिडकीत कोपर टेकवून बसलेला करंगळीएवढा ड्रायव्हर, ज्याच्या चेहऱ्यावर असा भाव की आपल्याला यातलं काही सांगू नका. चालू केलं की आधी घरघर, मग खोकला, मग पोटातून धडधड. मूळ इंजिन अमेरिकेचं, अल्को कंपनीचं डीएल ५३५, अलास्कातल्या स्कॅगवेहून वर डोंगरात कॅनडाकडे जाणाऱ्या व्हाइट पास लाईननं १९६९ पासून घेतलेलं, तीन फुटी नॅरोगेजवरचं. आता तुम्ही म्हणाल अलास्काचं इंजिन आमच्या दारव्ह्याच्या अलीकडच्या गावात कायले? तर याच घराण्यातलं आपलं मीटरगेजचं डिझेल इंजिन, वायडीएम-४. अकोला-खंडवा मीटरगेजवर, मेळघाटातून, धूळघाटचा तो वळसा मारून जे जायचं, ते हेच. आजोळ अकोटला असल्यानं माझं अर्धं लहानपण त्याच्या मागच्या डब्यात खिडकीच्या गजाला गाल लावून गेलं, गालावर गंजाचा पट्टा घेऊनच मी आजीच्या दारात उतरायचो. त्यामुळे चौदा क्विंटल. असो.

आदल्या रात्री रिकाम्या खोलीत चालवून पाहिलं होतं. माझे रूळ ४५ मिलिमीटर गेजचे, म्हणजे दोन रुळांतलं अंतर तेवढं, आणि वळण सगळ्यात लहान, ६०० मिलिमीटर त्रिज्येचं, बारा तुकडे जोडले की गोल पूर्ण. इंजिनाच्या खोक्यावर लिहिलेलं की ६०० वर चालते. चाललं! मधल्या आसाची चाकं थोडी आडवी सरकत होती, कुईकुई करत होती, पण चाललं. मग सकाळी कोठ्या मांडल्या, मखर लागलं, रास घातली, लेकरं बसवली, आणि सगळं रुळापासून तेवढंच लांब ठेवलं जेवढं दरवर्षी ठेवतो. म्हणजे लहान इंजिनाच्या हिशोबानं. इथं चूक झाली हे मी मान्य करतो. तेव्हा केलं नव्हतं, आता करतो.

त्यात बायकांनी रुळावर हळदीकुंकू वाहिलं. श्रद्धा समजू शकतो, पण करंट रुळातून येतो हो, चाकाखाली कुंकू आलं की इंजिन ठेचकाळते. एका काकूनं तर सरळ इंजिनाच्या टोपावर बोट टेकवून कुंकू लावलं आणि तेच बोट पुढं रुळाला पुसलं. मी रिमोट हातात घेऊन हसत उभा. सणाच्या दिवशी काय बोलणार.

पंगत बसली. पुरण, कढी, वडे, सोळा भाज्यांची ती भाजी, आंबील. मी शिट्टी दिली आणि गाडी सोडली. कुंकवावर एकदा अडकली, मी स्पीड वाढवला, तेवढ्यात करंट लागला आणि ती एकदम उसळून वळणावर आली, आणि बाकी वर सांगितलंच आहे.

"लेकरू आंबिलीत पडलं वो माय!"

एका क्षणात सगळी पंगत शांत. पळीनं लेकरू काढलं, धुतलं, पुसलं, जागेवर बसवलं. एक आजी म्हणाली अपशकून. दुसरी म्हणाली, "कायचा अपशकून, लेकराले भूक लागली असन." यावर बहुमत झालं आणि जेवणं पुन्हा सुरू. इंजिनाचा एक वायपर गायब होता. तो माझ्या चुलतभावाच्या पातळभाजीत निघाला, त्यानं कढीपत्त्याचं पान काढावं तसा काढून पत्रावळीच्या काठाला लावून ठेवला आणि विचारलं, "याले डिझल किती लागते?"

मी म्हटलं, डिझेल नाही लागत, करंटवर चालते.

"मंग डिझल इंजिन काहून म्हन्ता?"

मी सांगितलं की बाबा, खऱ्या इंजिनातबी डिझेल फक्त जनित्र फिरवते, चाकं मोटारीच फिरवतात. तो दोन घास शांत राह्यला. मग बाजूच्याला म्हणाला, "म्हन्जे खऱ्यातबी फसवतात."

पण हे काहीच नाही. खरा अपघात यानंतर झाला. पंगतीच्या शेवटच्या टोकाला माझे मामेसासरे बसले होते. शकुंतलेवर, म्हणजे आमच्या मूर्तिजापूर-यवतमाळ नॅरोगेज गाडीच्या लाईनवर, कीमॅन होते, उभी नोकरी त्या अडीच फुटी पटरीवर, रोज खांद्यावर हातोडा घेऊन ठरलेल्या हद्दीत चालत जायचं आणि रूळ घट्ट धरणारी चावी सैल झाली की ठोकायची. आता पंचाहत्तरीच्या पुढं, कान कमी, गुडघे गेलेले, पण त्या दिवशी हात धुवायच्या आधी उठले, रुळाजवळ आले आणि मांडी घालून खाली बसले. एवढ्या वर्षांत त्यांना खाली बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

"जवाईबापू, हे पटरी कोनं टाकली?"

"मीच."

"वाटलंच मले."

मग त्यांनी गेज विचारलं. ४५ मिलिमीटर. प्रमाण विचारलं. एकास साडेबावीस, म्हणजे खरी गाडी माझ्या गाडीच्या साडेबावीस पट. डोळे मिटून काही पुटपुटले आणि म्हणाले, "हे तं मीटरगेज झालं. डब्याइवर शकुंतला काहून लेवलं?" आता हा मुद्दा मला माहीत नव्हता का? माहीत होता! साडेबावीसनं गुणलं की हजार मिलिमीटरच्या वर जाते, शकुंतला ७६२ मिलिमीटरची, पण डब्यांवर नाव मी प्रेमानं रंगवलं होतं आणि आजपर्यंत एकाही माणसानं गुणाकार केला नव्हता.

"नाडा आना," ते म्हणाले. पूजेच्या ताटातला नाडा आणला. माझ्या पोराच्या कंपासमधली पट्टी आणली. वळणाच्या बाहेरच्या रुळाला आतून नाडा ताणला, एक टोक माझ्या चुलतभावाच्या खरकट्या हातात, दुसरं एका पोट्ट्याच्या, मधात चाळीस सेंटिमीटरचं अंतर, आणि नाड्याच्या बरोबर मध्यावर पट्टी लावून नाड्यापासून रूळ किती लांब ते पाहिलं. याला वर्साईन म्हणतात. गँगवाले वळण असंच मोजतात, दोरी आणि पट्टी, बाकी काही नाही. मला हे पुस्तकात वाचून माहीत होतं. सव्वादोन फुटी इंजिन घ्यायच्या आधी मोजावं हे मात्र सुचलं नाही.

"सव्वातीन सेंटिमीटर!" मामाजी सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं बोलले. कान कमी असलेल्या माणसाचा आवाज कसा असतो तुम्हाला माहीत आहे. "चाळीसले सव्वातीन! हा कर्व्ह नाई बापू, हा गंजाचा काठ हाये!"

पंगत हसली. ज्यांना वर्साईन म्हणजे काय हे मेल्यावरही कळणार नाही ते सगळ्यात जास्त हसले.

मी म्हटलं, मामाजी, गाडी घसरली नाही. ते म्हणाले, "घसरली नाई, पन ठोकली. घसरनं येगळं, मुव्हिंग डायमेन्शन येगळं." म्हणजे चालत्या गाडीचं अंग कुठवर बाहेर जाऊ शकते ती हद्द. आणि मग चौकशी सुरू झाली. ड्रायव्हर कोण? मी. लाईन क्लिअर, म्हन्जे गाडी सोडाची परवानगी, कोनं देल्ला? कोणीच नाही. सेक्शनवर अडथळा नाही हे कोनं पाह्यलं? मीच. स्पीड काहून वाढवला? कुंकवामुळे. "कुंकू!" ते म्हणाले आणि कापराच्या पुडीचा कागद सरळ करून त्यावर खरोखर जॉइंट नोट लिहायला घेतली. अपघात झाला की सगळ्या खात्यांचे सुपरवायझर जागेवर मिळून लिहितात आणि सह्या करतात तसली. त्यांच्या नोकरीत त्यांनी ती कधी लिहिली नसणार, लिहिणारे साहेब असायचे, हे हातोडा धरून बाजूला उभे. म्हणूनच एवढं मन लावून लिहीत होते. जिभेचं टोक बाहेर काढून.

"इंजिन : ठीक. पटरी : वळण फार तंग. लेकरू : जागेवर, दोष नाही. जबाबदार : जवाई."

आणि सही मागितली. सगळ्यांसमोर. मी केली! जावई असून, माझ्याच घरात, माझ्याच गाडीखाली नाही तर माझ्याच गाडीवरून. बायकोनं त्याचा फोटो काढून माहेरच्या ग्रुपवर टाकला. एकोणपन्नास अंगठे आले आणि एका मेव्हण्यानं विचारलं की भाऊजी सस्पेंड झाले का.

रात्री मी स्वतः हिशोब केला. दोन बोगींच्या, म्हणजे इंजिनाखालच्या चाकांच्या दोन संचांच्या, मधात ३८ सेंटिमीटर, एकूण लांबी ६६, वळण ६० चं, तर नाक सहा सेंटिमीटर बाहेर जाते आणि पोट तीन सेंटिमीटर आत. म्हातारा बरोबर होता. त्याचाच जास्त राग आला.

पण एक सांगू का, मला हसणाऱ्यांचाही राग आहे आणि तो अजून गेला नाही. गावामागं जी खरी पटरी आहे, ११३ किलोमीटर, मूर्तिजापूर ते यवतमाळ, किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या जमान्यात कापूस वाहायला टाकलेली, १९२१ चं मँचेस्टरचं वाफेचं इंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत त्यावर धावलं, मग डिझेल आलं, आणि आता त्यावर बेशरम आणि बाभळी आहेत. तिचं वळण किती, तिची चावी कोण ठोकते, हे या पंगतीतल्या कोणीही कधी विचारलं नाही. दर निवडणुकीत ब्रॉडगेज येते आणि दर निवडणुकीनंतर आम्ही काळीपिवळीत आठच्या जागी चौदा जण बसून कारंज्याला जातो. तिथं कोणाला जॉइंट नोट सुचत नाही. माझं एक लेकरू आंबिलीत पडलं तर लगेच जबाबदार जवाई.

मामाजी निघताना ओटीतला लाल खण मागून घेऊन गेले नाहीत, रुळावर आडवा बांधून गेले. लाल झेंडा. "वळण बदलल्याबिगर गाडी सोडाची नाई." बाराशेच्या त्रिज्येचं वळण टाकायचं तर खोलीत गाडी राहील, माणसं ओसरीत जेवतील. विसर्जन झालं, कोठ्या माळ्यावर गेल्या, खण तिथंच आहे. बायको सोडू देत नाही. म्हणते देवीचा आहे.

काल रात्री त्यांचा फोन आला. गुडघा कसा, पाऊस कसा, कपाशीवर काय, सगळं झालं तरी ठेवेनात. मग म्हणाले, "जवाईबापू, त्या इंजिनाचा भोंगा वाजते का हो?"

म्हटलं वाजते. शोकेसमधून इंजिन काढलं, लाल खणाच्या अलीकडं रुळावर ठेवलं, फोन त्याच्या नाकाशी धरला आणि बटण दाबलं. एकदा. मग ते म्हणाले अजून एकदा. मग बराच वेळ काहीच आवाज नाही, मला वाटलं लाईन तुटली.

"बारीक हाये," ते म्हणाले. "नोटमधी लेहून ठेवा."